कर्तृत्व आणि स्वाक्षरी : लिनक्समधील उगम-प्रमाणपत्राची चिकित्सा

लिनक्स कर्नलच्या विकासप्रक्रियेतील ‘डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ या छोट्याशा दस्तऐवजाचे परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमविरुद्ध दावा दाखल केला आणि लिनक्समधील कोड नेमका कोठून आला, हा प्रश्न ऐरणीवर आला. २००४ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुचविलेली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ म्हणजे त्यावरील व्यवहार्य उत्तर होय.

कोड स्वतः लिहिलेला आहे. योग्य मुक्त परवान्याच्या पूर्वकार्यावर आधारित आहे. अथवा अशी हमी देणाऱ्याकडून मिळाला असून त्यात बदल केलेला नाही, यांपैकी एक गोष्ट सही करणारा प्रमाणित करतो. ही नोंद सार्वजनिक व कायमस्वरूपी राहील, यासही तो संमती देतो.

येथे सही म्हणजे कर्तृत्व नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. शोधप्रबंधावर मार्गदर्शकाची सही असते. म्हणून तो प्रबंधाचा लेखक ठरत नाही. दुसऱ्याचा पॅच पाठविताना मूळ लेखकाचे नाव आरंभीच्या ‘फ्रॉम’ ओळीत द्यावे, त्याची सही जशीच्या तशी राखावी आणि तिच्याखाली आपली सही जोडावी, असा संकेत आहे. लेखकाच्या वतीने परस्पर सही करता येत नाही. ‘फ्रॉम’ची ओळ गळाली, तर ईमेलद्वारे आलेल्या पॅचचा लेखक म्हणून गिट ही प्रणाली पाठविणाऱ्याचेच नाव नोंदविते. केवळ एका ओळीच्या अभावी श्रेय असे दुसऱ्याच्या खाती जमा होते.

प्रमाणपत्राची खरी मर्यादा मात्र अन्यत्र आहे. तिसरे कलम अपरिवर्तित कोड गृहीत धरते. प्रत्यक्षात मध्यस्थ अनेकदा दुरुस्त्या करतो. असा बदल आपल्या सहीपूर्वी चौकटी कंसात नोंदवावा, अशी प्रथा आहे. ती न पाळल्यास लेखकाने न लिहिलेल्या ओळींचा दोष त्याच्या माथी येतो. शिवाय गिटमध्ये लेखकासाठी एकच रकाना आहे. सहलेखकांसाठी ‘को-डेव्हलप्ड-बाय’ ही ओळ आली, परंतु लेखकाच्या रकान्यात नाव एकाचेच राहते.

सारांश, हे प्रमाणपत्र कोडच्या वैधतेची साखळी समर्थपणे जपते; श्रेयाचे रक्षण मात्र ते संकेतावर आणि पाठविणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर सोपविते. वेतनाविना काम करणाऱ्यास नावाखेरीज दुसरा मोबदला नसतो. म्हणून हा संकेत नियमाइतक्याच काटेकोरपणे पाळला जाणे अगत्याचे आहे.