'अलिगढ'मधील मराठीचा प्राध्यापक

हंसल मेहता यांच्या 'अलिगढ' (२०१६) या चित्रपटाचा नायक अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवितो. परप्रांती नोकरी करणाऱ्या आपणांस तो परका वाटावयाचा नाही. फेब्रुवारी २०१० मध्ये प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस एका पुरुषासमवेत असताना त्यांच्या घरात माणसे कॅमेरा घेऊन घुसली. विद्यापीठाने निलंबित केले ते मात्र सिरसांना! एप्रिलात अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. आठवड्याच्या आत ते घरी मृतावस्थेत आढळले. न्यायालयात वकिलांचा वाद रंगला असता स्वतःच्या कवितांच्या भाषांतरात गढलेला सिरस मनोज बाजपेयी यांनी विलक्षण संयमाने उभा केला आहे. सहकाऱ्यांचा दुरावाही नेमका उतरला आहे. पोलीस तपास मात्र ओझरताच येतो, हे मला उणे वाटते. ठाण्यातला कागद कोठे अडला, हे सरकारी नोकरीतला प्रेक्षक विचारणारच.