फलत्याग कोणीं करावा?

गीतेचा कर्मयोग आपल्या घरांत व कामांत उतरावा, ही इच्छा महाराष्ट्राला नवी नाहीं. टिळकांनीं 'गीतारहस्य' मंडालेच्या तुरुंगांत लिहिलें व तें १९१५ सालीं प्रसिद्ध झालें. विनोबांचीं 'गीता-प्रवचनें' १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत झालीं. सानेगुरुजींनीं तीं टिपून घेतलीं म्हणून आपणांस लाभलीं. दोहोंमधील खरा भेद श्रोत्यांचा आहे. टिळक शंकराचार्यांशीं वाद घालतात, कांट आणि ग्रीन यांस साक्षीला बोलावितात. विनोबांपुढें कैदी बसलेले होते. म्हणून त्यांचे दृष्टांत स्वयंपाकघरांतून आणि शेतांतून येतात.

चौथ्या अध्यायांतील 'विकर्म' हा शब्द पाहावा. परंपरेनें त्याचा अर्थ निषिद्ध कर्म असा केला आहे. विनोबा मात्र बाह्य कर्माला जोडलेलें मनाचें शोधन, असा करितात. शब्दार्थाच्या दृष्टीनें ही ओढाताणच होय. परंतु या ओढाताणीमुळेंच एवढा मोठा विचार न्हाव्याच्या वस्तऱ्यापर्यंत आणि कुंभाराच्या चाकापर्यंत पोंचतो, हेंहि आम्हांस मान्य आहे.

आमची शंका निराळी आहे. बाभुळगांवच्या काळ्या रानांत कापूस वेचणाऱ्या बाईला फलाशा सोडण्याचा उपदेश कोणत्या तोंडानें करावा? तिची मजुरी वेचलेल्या वजनावर ठरते. सायंकाळीं काट्यावर कोणीं हात मारला, तर तिच्या फळाचा त्याग दुसऱ्यानेंच उरकलेला असतो. कर्ज काढून पेरणाऱ्या शेतकऱ्याचें फळ पावसाच्या आणि बाजारभावाच्या हातीं. कर्जापायीं विझलेलीं घरें यवतमाळ जिल्ह्यानें थोडीं पाहिलेलीं नाहींत. आमच्या वर्गांत 'निष्काम कर्म' हा शब्द बहुधा मजुरी मागणाऱ्यालाच ऐकविला जातो. (आम्हां प्राध्यापकांना वेतनवाढीच्या वेळीं गीता आठवत नाहीं, हेंहि कबूल केलें पाहिजे.)

प्रवचनांचा भर चित्तशुद्धीवर आहे. बुडालेल्या मजुरीचें काय, हा प्रश्न तेथें मागें पडतो. विनोबांनीं त्याचें उत्तर १९५१ सालीं, पुस्तकाबाहेर, तेलंगणांतील पोचमपल्लीला दिलें. तेथील भूमिहीनांनीं ऐंशी एकर मागितले, आणि एका जमीनदारानें शंभर देऊं केले. त्याग मागितला तो ज्याच्या हातीं फळ होतें त्याच्याकडे. भूदानांत मिळालेली बरीच जमीन पुढें वांटलीच गेली नाहीं, कांहीं तर निव्वळ खडकाळ निघाली. तो हिशेब कडू आहे. तरी तिसऱ्या अध्यायावरील प्रवचन आम्ही आतां पोचमपल्लीकडूनच मागें वाचीत येतों.