सेवेचे स्थान : शाळेबाहेर की वर्गात?

आपल्या कॅथोलिक कन्याशाळांच्या वार्षिक अहवालांत ‘आध्यात्मिक जीवन’ आणि ‘समाजसेवा’ अशी दोन स्वतंत्र प्रकरणे बहुधा आढळतात. पहिल्यात मिस्सा, प्रार्थनासभा व चिंतनशिबिर यांची नोंद. दुसऱ्यात अनाथाश्रमाची भेट आणि नाताळात वाटलेले कपडे. ही विभागणी सोयीची खरी. परंतु तिच्यात एक धर्मशास्त्रीय दोष दडलेला आहे. प्रार्थना देवासाठी व सेवा गरिबांसाठी, असा समज मुलींच्या मनात तिने नकळत रुजतो. मत्तयकृत शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय नेमकी हीच भिंत पाडतो. तेथील नीतिमानांना आपण प्रभूचीच सेवा केली याची जाणीवही नव्हती, हे विशेष होय.

या दृष्टीने कोलकात्यातील सियालदहच्या लोरेटो शाळेचा प्रयोग पारखून पाहण्याजोगा आहे. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या सिस्टर सिरिल मूनी (१९३६–२०२३) यांनी १९७९ मध्ये तेथील मुख्याध्यापिकेचे पद स्वीकारले. १९८५ मध्ये ‘रेनबो’ उपक्रम सुरू झाला. रस्त्यावर राहणाऱ्या मुली शाळेत येत आणि नियमित विद्यार्थिनी शाळेच्याच वेळात त्यांना एकेकीला जवळ बसवून शिकवीत. पुढे अशा मुलींसाठी शाळेच्या वास्तूतच रात्रीच्या निवाऱ्याची सोय झाली. कालांतराने सुमारे १,४०० विद्यार्थिनींपैकी जवळजवळ निम्म्या शुल्क न देणाऱ्या होत्या. या कार्याबद्दल सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये ‘पद्मश्री’ लाभली.

या प्रयोगावर दोन आक्षेप संभवतात. वेळापत्रकात बसविलेली सेवा ही ऐच्छिक नव्हे, मग ती पुण्यकृती कशी, हा पहिला. तो फारसा टिकत नाही. प्रार्थनेचीही सवयच आधी लावावी लागते, भक्ती मागाहून येते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. श्रीमंत मुलीच्या चारित्र्यघडणीसाठी गरीब मूल हे केवळ साधन ठरते काय? जेथे सेवा शाळेच्या फाटकाबाहेर घडते, तेथे हा धोका कायमच राहतो. सियालदहचे वेगळेपण असे की, तेथे गरीब मुलीला शाळेतच जागा मिळाली. दाता व याचक हे नाते सहाध्यायिनीच्या नात्यात बदलण्याची शक्यता तेथे निर्माण झाली. अर्थात एका वर्गात बसल्याने मनातील अंतर आपोआप मिटते, असे मानणे भाबडेपणाचे होईल; ते काम शिक्षिकांच्या रोजच्या वागण्यानेच साधते.

आपल्यापुढील प्रश्न येथेच उभा राहतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निकालाने अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या एका खंडपीठाने या निकालाविषयी शंका व्यक्त केली. न्यायालयीन निर्णय काहीही होवो. घटनेने दिलेले स्वातंत्र्य आपण कशासाठी वापरतो, हा प्रश्न शुभवर्तमानाचा आहे. कायद्याने जे सक्तीचे नाही, ते प्रीतीने करण्यास आपण मोकळे आहोत.

म्हणून शाळांत चिंतनशिबिरे घेणाऱ्या धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी किती कपडे वाटले हे विचारण्याआधी प्रवेशनोंदवही पाहावी. त्या शाळेच्या आध्यात्मिक जीवनाची खरी साक्ष तिच्यात सापडेल.