पेटीची पुनर्रचना आणि जाणकारांचा निवाडा : एक चिकित्सा

प्रस्तावना

बारामती तालुक्यातील सुपे व परिसरात भजन, कीर्तन आणि हरिनाम सप्ताह यांच्या साथीला पेटी असतेच. सुप्याहून चौफुल्याकडे गेल्यास तेथील कला केंद्रांत संगीत बारीची लावणीही ढोलकी-तबल्याबरोबर पेटीवरच उभी राहते. देवाच्या दारी आणि बारीच्या बैठकीत सारख्याच सहजतेने वावरणारे हे वाद्य गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकांनी सुधारून पाहिले. काही सुधारणा वादकांनी स्वीकारल्या, काही कौतुक करून बाजूला ठेवल्या, तर काही सपशेल नाकारल्या. या स्वीकार-नकारामागे जाणकारांचे कोणते निकष होते आणि त्यांनी बोलून दाखविलेले निकष व प्रत्यक्ष वापरलेले निकष एकच होते काय, या प्रश्नाची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

मूळ नमुना कोणता?

सुधारलेल्या वाद्याविषयी पहिला आक्षेप बहुधा ‘हे मूळ वाद्य राहिले नाही’ असा असतो. पेटीच्या बाबतीत हा आक्षेप तपासून घ्यावा लागतो. हार्मोनियम हे वाद्य १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबॅं यांनी सिद्ध केले. ते खुर्चीवर बसून, पायांनी भाता चालवून, दोन्ही हातांनी वाजवावयाचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्याला हातपेटीचे रूप दिले. भाता मागे गेला, पाय सुटले, एक हात हवेला व एक हात सुरांना लागला आणि वाद्य जमिनीवर आले. दोन हातांनी वाजणारी पाश्चात्त्य स्वरसंगती त्यामुळे गेली. परंतु एकेरी सुरावटीच्या संगीतात तिची उणीव कोणाला भासली नाही. मांडी घालून बसणाऱ्या गायकाशेजारी मांडी घालून बसणारा साथीदार मात्र मिळाला.

म्हणजे आज ‘मूळ पेटी’ म्हणून जिचा कैवार घेतला जातो, ती स्वतःच एक पुनर्रचना आहे. तिचे पुनर्रचित असणे विसरले गेले एवढेच. ‘परंपरा’ हा शब्द येथे वाद्याच्या वयापेक्षा वादकाच्या अंगवळणी पडलेल्या सवयीचा निर्देश करतो.

अचूकतेचा निकष आणि श्रुतिपेटी

पेटीवरील सर्वांत गंभीर आरोप सुरांच्या अचूकतेचा आहे. तिच्या प्रचलित मेळात सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. एका सप्तकाचे १२०० सेंट मानले, तर तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर पडतो. तंबोऱ्याच्या नादातून उमटणारा, ५:४ या प्रमाणाचा स्वयंभू गंधार मात्र सुमारे ३८६ सेंटवर असतो. पंचमात हा फरक केवळ २ सेंटचा आहे. गंधारातला १४ सेंटचा फरक मात्र तयार कानाला स्पष्ट बोचतो. याशिवाय पेटीवर मींड निघत नाही. अशा आक्षेपांच्या वातावरणातच १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर पेटीला बंदी झाली. बी. व्ही. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असतानाही ती कायम राहिली आणि १९७१ मध्ये अंशतः उठली.

या दोषावर उपाय शोधण्याचे काम महाराष्ट्रात त्यापूर्वीच सुरू झाले होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायखात्यातील अधिकारी ई. क्लेमेंट्स त्यांच्या कार्याशी जोडले गेले. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाचाही या अभ्यासाला आधार मिळाला. यातून श्रुतिपेटी तयार झाली आणि १९१६ मध्ये बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत ती मांडली गेली. तेथे तिच्यावर वाद झाला, मान्यतेची मोहोर मात्र उमटली नाही.

पेटी बेसूर आहे असे म्हणणाऱ्यांनी कमी बेसूर पेटी का स्वीकारली नाही? याचे एक कारण खरोखरीचे सांगीतिक आहे. दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार एका बिंदूवर उभा राहत नाही. त्याचे स्थान रागानुसार ठरते आणि त्याच रागात स्वरवाक्यानुसार हलते. बाराऐवजी बावीस स्थिर बिंदू दिल्याने हा प्रश्न सुटत नाही, फक्त बारीक होतो. दुसरे कारण हाताचे आहे. सप्तकात पट्ट्या वाढल्या की बोटांचा जन्मभराचा अभ्यास निरुपयोगी ठरतो. ऐनवेळी गायकाच्या तानेमागे धावणाऱ्या साथीदाराला श्रुती निवडण्याइतकी उसंत नसते.

डॉ. विद्याधर ओक यांनी अलीकडच्या काळात केलेली बावीस श्रुतींची पेटी या दुसऱ्या अडचणीची जाण ठेवून केलेली दिसते. षड्ज व पंचम अचल ठेवून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती, अशी तिची योजना आहे. खुंटीच्या साहाय्याने त्यांतील एक श्रुती आधीच निवडता येते, त्यामुळे वाजविताना बोटांना ओळखीच्या बाराच पट्ट्या लागतात. रागापूर्वी पेटी लावून घेण्याची, तंबोऱ्याशी नाते सांगणारी क्रिया त्यातून पेटीला मिळते. तथापि स्थिर बिंदूंची मर्यादा येथेही उरतेच.

स्केलचेंजर : बोलणे आणि वागणे यांतील अंतर

याच्या उलट उदाहरण स्केलचेंजर पेटीचे आहे. या रचनेत पट्ट्यांचा संपूर्ण संच सरकविता येतो. काळी एकमध्ये बसलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या पट्टीतील गायकाची साथ करता येते. सुटे भाग वाढल्याने वाद्य जड होते, हवा निसटण्याच्या जागा वाढतात आणि दुरुस्ती किचकट होते. अनेक वादक साध्या पेटीचा नादच अधिक मोकळा मानतात. तरीही साथीच्या क्षेत्रात या पेटीने आपले स्थान पक्के केले.

येथे एक महत्त्वाची विसंगती दिसून येते. पट्ट्या सरकविल्यावरही सुरावट तीच राहण्यासाठी बाराही अंतरे समान असावी लागतात. म्हणजे जो समान मेळ पेटीचा मूलभूत दोष म्हणून सांगितला गेला, त्याच्याशी स्केलचेंजरने वाद्य कायमचे जखडून टाकले. श्रुतिपेटीने तो दोष कमी करण्याचा यत्न केला, ती मागे पडली. स्केलचेंजरने तो पक्का केला, ती रूढ झाली. अचूकता हाच जाणकारांचा निर्णायक निकष असता, तर हा निकाल उलटा लागावयास हवा होता.

यावरून जाणकार दांभिक होते, असा निष्कर्ष काढणे मात्र अन्यायाचे होईल. त्यांचा एक वर्ग अचूकतेसाठी तिसऱ्या मार्गाने गेला. हा मार्ग गांधार ट्यूनिंगचा होय. यात पेटीची रचना बदलत नाही. कारागीर पितळी सुराची जीभ टोकाशी घासून स्वर चढवितो, मुळाशी घासून उतरवितो आणि एका ठरावीक षड्जाशी सर्व स्वर जुळवून देतो. असा मेळ घेणाऱ्या वादकाला पट्टी बदलण्याचे स्वातंत्र्य सोडावे लागते. एकल वादन करणाऱ्याला ते परवडते. एका सायंकाळी चार गायकांची साथ करणाऱ्याला परवडत नाही. दोघांचेही निवाडे आपापल्या कामाशी प्रामाणिक आहेत. चूक होते ती एकाचा निकष दुसऱ्यावर लादल्याने.

नावाचा प्रश्न

पुनर्रचित वाद्याच्या स्वीकारात नावाचाही वाटा असतो. मूळचे नागपूरचे पं. मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडलाच्या तारांची जोड दिली, तिला ‘संवादिनी’ हे नाव दिले आणि एकल वादनाचे वाद्य म्हणून तिचा आग्रह धरला. नाव बदलताच अपेक्षाही बदलते. श्रोता मग ‘ही पेटी पेटीसारखी आहे काय’ असे न विचारता ‘हे वाद्य काय सांगते’ असे विचारू लागतो. पुढे मात्र हे नाव इतके रूढ झाले की कार्यक्रमपत्रिकांत साध्या पेटीलाही संवादिनी म्हटले जाऊ लागले. नाव स्वीकारले गेले, परंतु त्यामागची रचना सर्वत्र पोहोचली नाही.

पाश्चात्त्य जगातील विद्युत गिटारचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. गिब्सन कंपनीने १९५२ मध्ये बाजारात आणलेल्या ‘लेस पॉल’ गिटारचा आकार १९६१ मध्ये पूर्णपणे बदलला, नाव मात्र तेच ठेवले. ज्या वादकाचे हे नाव होते, त्या लेस पॉल यांनाही तो आकार रुचला नाही. काही वर्षांतच त्या गिटारला ‘एसजी’ हे स्वतंत्र नाव मिळाले आणि कालांतराने ती स्वतःच एक अभिजात नमुना ठरली. जुना आकार १९६८ मध्ये परत आला. याच कंपनीने २०१५ च्या बहुतेक नमुन्यांत आपोआप सूर लावणारी यंत्रणा बसविली व दांड्याची रुंदी वाढविली. तंत्रदृष्ट्या ही सोय होती, पण शौकिनांनी ती नापसंत केली आणि पुढील वर्षी पारंपरिक व सुधारित असे दोन्ही प्रकार विक्रीस ठेवावे लागले. जुन्या नावाखाली नवे वाद्य दिले की ते जुन्याची बिघडलेली प्रत ठरते. वेगळे नाव मिळाले की त्याला स्वतःचे आयुष्य जगण्याची संधी मिळते.

निवाड्याचे तीन स्तर

वरील विवेचनावरून जाणकारांच्या निवाड्याचे तीन स्तर वेगळे करता येतात. पहिला कानाचा : सूर कसा लागतो. दुसरा हाताचा : आयुष्यभराच्या अभ्यासातले किती टिकते. तिसरा कार्याचा : वाद्याकडून जे काम अपेक्षित आहे ते होते काय. वादविवाद बहुतांशी पहिल्या स्तरावर होतात, निकाल मात्र दुसऱ्या व तिसऱ्या स्तरांवर लागतात. हाताचा निकष उघडपणे मांडण्यात कमीपणा वाटतो. म्हणून त्याला कानाची किंवा परंपरेची भाषा दिली जाते. वस्तुतः हाताचा निकष क्षुद्र नाही. साथीदाराच्या बोटांत साठलेले ज्ञान हेही संगीताचेच धन आहे आणि ते मोडीत काढणाऱ्या सुधारणेने त्याची किंमत मोजावी, ही अपेक्षा रास्त आहे. मात्र ती किंमत ‘बेसूर’ या शब्दामागे लपविली गेली, तर सुधारणा करणाऱ्या कारागिराला आपले नेमके कोठे चुकले हे कधीच कळत नाही.

निष्कर्ष

बडोद्याच्या परिषदेपासून आजपर्यंत पेटीच्या पुनर्रचनांचे मूल्यमापन प्रामुख्याने श्रुतींच्या गणितावर झाले. ते आवश्यक आहे, पुरेसे नाही. महाविद्यालयीन संगीत विभागांनी नव्या रचनेची परीक्षा प्रयोगशाळेतील मोजणीबरोबरच प्रत्यक्ष साथीत, एकाच वादकाकडून व पुरेशा कालावधीत करून घेतल्यास निवाडा अधिक न्याय्य होईल. त्या परीक्षेत एकल वादकाबरोबर सप्ताहात रात्रभर भजनाची साथ करणारा आणि चौफुल्याच्या बारीत गायिकेच्या बदलत्या पट्टीमागे जाणारा पेटीवादकही परीक्षक असावा. वाद्याच्या बदलाची झळ प्रथम त्याच्याच बोटांना लागते आणि त्याचे मत आजवर क्वचितच विचारले गेले आहे.