झिओनवादविरोध : दोन कथांच्या निमित्ताने

काही महिन्यांपूर्वी एका शिबिरात पॅलेस्टाइनवर चर्चा चालली असता आमचा एक उमदा कार्यकर्ता 'यहुदी जातच तशी' असे बोलून गेला. टाळ्याही पडल्या. 'जातच तशी' हे शब्द आपण पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या तोंडून ऐकत आलो, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना आठवले नाही. मला मात्र त्या टाळ्या झोंबल्या. झिओनवादविरोध हा शब्द आपण घोषणेत घेतला, पण विचारात घेतला नाही, असे मला वाटते.

हा विरोध प्रथम उभा केला तो यहुद्यांनीच. १८९७ साली बाझेलला झिओनवाद्यांची पहिली परिषद भरली. त्याच वर्षी विल्नात यहुदी कामगारांचा 'बुंद' स्थापन झाला. बुंदचे म्हणणे सरळ होते : आम्ही जिथे राबतो तिथेच आमचे हक्क मिळवू, पळून जाणार नाही. १९१७ साली ब्रिटिश मंत्रिमंडळातील एकमेव यहुदी मंत्री एडविन माँटेग्यू यांनी बाल्फोर घोषणेला कडाडून विरोध केला. यहुद्यांचे राष्ट्र दुसरीकडे आहे असे एकदा मान्य केले की त्यांना परके ठरवू पाहणाऱ्यांचेच फावेल, ही त्यांची भीती होती. हेच माँटेग्यू तेव्हा भारतमंत्री होते. काही कर्मठ यहुद्यांचा विरोध धार्मिक होता. मसीहा येण्याआधी माणसांनी राज्य उभारणे त्यांना पाप वाटे.

पुढे युरोपात साठ लाख यहुदी मारले गेले. बुंदचा पोलंडमधला पाया त्या राखेत गेला, आणि ज्यांना कोणताही देश दार उघडत नव्हता त्यांना आपले राज्य हवेसे वाटले. हे ज्याला कळत नाही त्याने झिओनवादावर बोलू नये. पण पॅलेस्टिनी माणसाचा प्रश्न तिथेच सुरू होतो : तुमच्या आश्रयाची किंमत माझ्या घराने का मोजावी? १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी निर्वासित झाले, चारशेहून अधिक गावे ओस पडली. १९५० च्या कायद्याने जगातल्या कोणत्याही यहुद्याला इस्रायलमध्ये येऊन नागरिक होण्याचा मार्ग मोकळा झाला. तिथेच जन्मलेल्या निर्वासिताला परतण्याची वाट मात्र बंद राहिली. जन्मावर हक्क ठरतो, ही व्यवस्था आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आता कथांकडे वळतो. एस. यिझहार हा इस्रायली लेखक १९४८ च्या युद्धात गुप्तवार्ता अधिकारी होता. १९४९ साली त्याची 'खिर्बेत हिझे' प्रसिद्ध झाली. हुकूम येतो, एका अरब गावातली म्हातारी माणसे, बायका, पोरे ट्रकांत भरून सीमेपार धाडायची. निवेदक सैनिकाला त्या ट्रकांत आपल्याच पूर्वजांची हद्दपारी दिसते. तो आतल्या आत तडफडतो, जेमतेम कुरकुरतो आणि हुकूम पाळतो. हे धैर्याचे लेखन आहे, यात शंका नाही. १९७८ साली त्यावरचा दूरदर्शनपट दाखवावा की नाही यावरून इस्रायलमध्ये वादळ उठले. तरीही माझी तक्रार आहे. सगळी व्यथा सैनिकाची. ज्यांचे गाव जाते ती माणसे त्याच्या सदसद्‌विवेकाला टोचणारी दृश्ये म्हणून येतात आणि जातात. ही करुणा आपल्या ओळखीची आहे. मराठी कथेतल्या सहृदय सवर्ण नायकाने महारवाड्याकडे पाहून काढलेला सुस्कारा असाच असे. सुस्कारा त्याचा, आणि कथाही त्याचीच.

घस्सान कनफानीची 'हैफाला परत' (१९६९) दुसऱ्या बाजूने लिहिलेली आहे. १९४८ च्या धावपळीत तान्हे मूल हैफात राहून गेलेले जोडपे १९६७ च्या युद्धानंतर आपले जुने घर पाहायला येते. घरात पोलंडहून आलेली मिरियम राहते. तिचा बाप ऑश्विट्झमध्ये गेला. तिने ते मूल वाढवले आहे आणि ते आता इस्रायली सैनिक आहे. कनफानीने मिरियमला राक्षसीण केलेले नाही. मेलेले अरब पोर ट्रकमध्ये फेकले जाताना पाहून हादरलेली बाई त्याने उभी केली. विस्थापित लेखकाने घर घेणाऱ्या बाईला दिलेले हे माणूसपण मला यिझहारच्या अश्रूंपेक्षा मोठे वाटते. शेवटी मात्र बाप दुसऱ्या मुलाने बंदूक हाती घेतली असावी अशी आशा करतो. हा शेवट कळतो. तो मला पटत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली, त्यात बहुसंख्य नागरिक होते. त्यानंतर गाझात हजारो मुलांसह दहा-दहा हजारांच्या पटीत माणसे मारली गेली. बंदुकीने माणूसपण सिद्ध होते हा विचार दोन्हीकडे किती स्वस्त झाला! स्वतः कनफानी १९७२ साली बैरूतमध्ये मोटारीतल्या स्फोटात मारला गेला, सोबत त्याची कोवळी भाचीही.

आणि आपल्या कोकणातले बेने इस्रायल? शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले, घरात मराठी बोलणारे हे लोक. हजारो जण इस्रायलला गेले. १९६० च्या दशकारंभी तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी लावली. पुरे यहुदी आहात का, दाखवा! जेरुसलेमला निदर्शने करून, लढून त्यांनी १९६४ साली समान दर्जा मिळवला. त्यांतले बहुतेक झिओनवादविरोधी झाले नाहीत. त्यांनी त्या राज्यातच समता मागितली, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पण 'यहुदी जात' म्हणणाऱ्या आमच्या मित्राच्या शिव्येत रेवदंड्याची ती तेलीणही येते. उलट, सावरकरांनी १९४७ साली ज्यू राज्याचे स्वागत केले, ते एका विशिष्ट राष्ट्रकल्पनेच्या ओढीने. त्या कल्पनेला माझा विरोध आहे, इथेही आणि तिथेही. कारण तिच्यात जन्माने आतले आणि जन्माने बाहेरचे अशी माणसांची वाटणी आधीच झालेली असते.

पुढच्या शिबिरात कनफानीची कथा मोठ्याने वाचायची आणि त्या मित्रालाच मिरियमचे संवाद द्यायचे, असे मी ठरवले आहे. तो तयार झाला आहे, जरा कुरकुरत.