भिंतीवरचे थोर आणि भिंतीखालचा जब्या

फराळाच्या ताटात कडू जिन्नस वाढू नये, हा शिरस्ता मला मान्य आहे. पण हा अंक ज्या घरांत जाईल तेथे शाळेत जाणारी मुलेही असतील. त्यांतले एखादे छळ सोसत असेल, एखादे दुसऱ्याला छळीत असेल. म्हणून नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाविषयी दोन शब्द.

मुलांना कला आणि संस्कृतीचा वारसा द्या, म्हणजे शाळेतील छळ थांबेल, असे आज पुष्कळ जाणते सांगतात. ‘फँड्री’त हा वारसा भरपूर आहे. वर्गात चोखोबांचा अभंग शिकवला जातो. शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, सावित्रीबाई, गाडगेबाबा रंगवलेले आहेत. गावात जत्रा आहे, पालखी आहे. तरीही कैकाडी घरातल्या जब्याला ‘फँड्री’, म्हणजे त्याच्याच बोलीत डुक्कर, म्हणून चिडविताना कोणाची जीभ अडखळत नाही! डुकरामागे धावाधाव चालू असता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि ते कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. पुढे बांबूला बांधलेले डुक्कर त्या रंगविलेल्या भिंतीवरूनच नेले जाते. एक शब्द न बोलता दिग्दर्शकाने केवढी टीका केली आहे! (काळ्या चिमणीचे प्रतीक मात्र मला जरा ताणलेले वाटले. किशोर कदमांचा कचरू समोर असता प्रतीकांची गरज काय?)

तर मग कला निरुपयोगी का? तसे मी म्हणणार नाही. भिंतीवर टांगलेली कला निरुपयोगी, एवढेच. ब्राझीलचे नाटककार ऑगुस्तो बोआल यांनी निराळी वाट काढली. अन्यायाचा प्रसंग एकदा करून दाखवायचा. तोच पुन्हा सुरू झाला की प्रेक्षकांतल्या कोणीही ‘थांबा’ म्हणावे, रंगमंचावर यावे, सोसणाऱ्याची जागा घ्यावी आणि दुसरा मार्ग करून पाहावा. जब्याच्या गावात बघे पुष्कळ होते, त्याची लाडकी शालूसुद्धा हसणाऱ्यांत होती. ‘थांबा’ म्हणणारा एकही नव्हता. अखेर जब्याने दगड उचलला, आणि तो थेट आपल्या अंगावर येतो.

हा चित्रपट शाळेत दाखवावा. त्यातील शिव्यांना काही पालक नाके मुरडतील, मुरडोत बापडे; त्या शिव्या मुलांनी मैदानावर केव्हाच ऐकलेल्या असतात. मात्र गुरुजींनी तो दगड सुटण्याआधी यंत्र बंद करावे, दिवे लावावेत आणि वर्गाला विचारावे: त्या हसणाऱ्यांतून उठून पुढे कोण येतो?