समाजमाध्यमांतील विद्यापीठीय मराठी

विद्यापीठांनी समाजमाध्यमांचा स्वीकार केला. त्यांच्या भाषेने तो केला आहे काय, हा प्रश्न मात्र विचारणे प्राप्त आहे. फेसबुकवर वा एक्सवर येणारी सूचना पुष्कळदा कागदी परिपत्रकाचे छायाचित्रच असते. ‘सर्व संबंधितांना कळविण्यात येते की’ या रचनेत कर्ता लुप्त होतो आणि श्रोता अनिश्चित राहतो. अर्जाची मुदत कोठेतरी अखेरीस सापडते. चित्रास पर्यायी मजकूर जोडलेला नसल्यास दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचन-साहाय्यही तेथे अडखळते.

अपुऱ्या जागेची सबब येथे टिकत नाही. एक्सवर सामान्य खातेदारास २८० चिन्हे मिळतात; २०१७ पर्यंत, ट्विटर या नावाच्या काळात, ती १४० होती. देवनागरीत काना, वेलांटी व हलन्त यांची गणना स्वतंत्रपणे होते; त्यामुळे ‘विद्यापीठ’ या चार अक्षरांच्या शब्दास नऊ चिन्हे लागतात. तथापि पात्रता, मुदत व चौकशीचे ठिकाण एवढ्यात सहज सामावते.

पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाच्या जयकर व्याख्यानमालेचे तत्त्व येथे स्मरणीय ठरते: वक्त्याने श्रोत्यांपर्यंत जावे आणि त्यांना उद्देशून बोलावे. घराण्यातून प्रथमच विद्यापीठाच्या दारी येणाऱ्या मुलीला परिपत्रकाची परिभाषा समजावून सांगणारे घरी कोणी नसते. तिने सूचनेखाली विचारलेला प्रश्न अनुत्तरित राहिला, तर एका वर्षाची हानी तिला सोसावी लागते. म्हणून अशा लेखनाचे मूल्यमापन अनुयायांच्या संख्येवरून न करता दिलेल्या उत्तरांवरून करावे, हे अधिक सयुक्तिक होय.